नाव भोगवटादाराच्या रकान्यात लिहा: शेतकरी स्त्रियांचे मागणीपत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री आणि मा. कृषी मंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत: मा. जिल्हाधिकारी, बुलडाणा

विषय: शेतजमिनीच्या अभिलेखात स्त्रियांच्या नावांची नोंद

महोदय,

आम्ही बुलडाणा जिल्ह्यातल्या, घाटावरच्या आणि घाटाखालच्या, शेती करणाऱ्या बाया. कोणी नवऱ्याच्या शेतात राबते, कोणी बापाच्या, कोणी मक्त्याने केलेल्या. तिफणीमागे सरते धरण्यापासून कापूस वेचून घरात येईपर्यंतचे बहुतेक काम आमच्या हातचे आहे. सातबारा मात्र बहुतेकींनी पाहिला तो दुसऱ्याच्या हातात.

आमच्या मागणीला ग्रामसभेत ठरलेले उत्तर मिळते: स्त्रीवादाचे हे खूळ शहरातून आले, शेतकऱ्याच्या घरात ते नको. म्हणून आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

ताराबाई शिंदे याच बुलडाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी त्यावरून सगळ्या बायकांना दोष द्यायला सुरुवात केली, तेव्हा ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना उलट जाब विचारला. पुस्तकावर टीका झाली, आणि जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. म्हणजे हे खूळ आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. एकशे चाळीस वर्षांहून जुने आहे.

पुढची गोष्ट कायद्याची, आणि तिच्यात आम्हाला एक खोड दिसते. कायदा घरापर्यंत येतो, बांधावर येऊन थबकतो. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरता वाटा दिला. १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितले की शेतजमीन या कायद्यात बसत नाही, तो प्रांतांचा विषय. मग काही प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिल रखडले हे एक मोठे कारण होते. १९५६ चा वारसा कायदा आला, विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला. पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मतः सहदायाद झाली नाही, आणि शेतजमिनीच्या कुळहक्काचे कायदे त्यातून बाजूला ठेवले गेले. या दोन्ही उणिवा दूर व्हायला २००५ उजाडावे लागले. महाराष्ट्राने त्याआधी, १९९४ मध्ये, मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायाद केले, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. आमच्यातल्या साठीच्या बायका त्याच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात जन्माने मिळणारा हक्क निःसंदिग्ध केला. कायदा आता जवळजवळ पूर्ण आहे. अडले आहे ते साज्याच्या दप्तरात.

दप्तरात काय होते ते सांगतो. बाप वारला की वारस नोंद होते. भावांची नावे भोगवटादार सदरी चढतात. आई आणि बहिणींची नावे कितीतरी जुन्या फेरफारांत ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली आहेत. त्याच रकान्यात बँकेचा बोजा असतो, विहिरीचा हिस्सा असतो. त्या शेजारी आई. पीककर्ज असो की अतिवृष्टीची मदत, विचारले जाते ते भोगवटादारालाच.

यातूनही जिचे नाव वाचते, तिचे पुढे ‘कमी केले जाते’. भावाची गाडी सकाळी दारात येते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, हक्कसोड पत्र कोणी वाचून दाखवत नाही. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर काम होते. दुपारी हॉटेलात जेवण, संध्याकाळी साडीचोळी, आणि एकरांचा प्रश्न मिटतो. आमच्या एका सभासद बाईला आपण कशावर अंगठा दिला हे कळले, तेव्हा नवरा सोडून गेलेला होता आणि माहेरी राहायला खोलीही उरली नव्हती.

‘बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटते’ असे म्हणतात. तुटते, खरे आहे. म्हणूनच तर बहुतेकजणी मागत नाहीत. पण जे माहेर बहिणीने गप्प राहण्याच्या अटीवर टिकते, त्याची जबाबदारी एकट्या बहिणीवर का? दुसरा आक्षेप जमिनीच्या तुकड्यांचा. चार भाऊ वाटणी करतात तेव्हा तुकडे होत नाहीत, पाचवी बहीण आली की होतात, हे गणित आम्हाला कोणी समजावून सांगावे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, तो सगळ्यांना सारखा लावा.

यावर वाट नाही असेही नाही. शेतकरी संघटनेचे शेतकरी महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला भरले. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. जी गोष्ट पुरुषांना पटणार नाही असे सांगतात, ती याच महाराष्ट्रात पुरुषांनी स्वखुशीने केली आहे. शासनाने १९९२ मध्ये परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. हे परिपत्रक आम्ही दाखवतो तेव्हा काही ठिकाणी कर्मचारी आमच्याकडूनच त्याची प्रत मागतात!

वनहक्क कायदा तर याहून पुढे गेला. २००६ च्या त्या कायद्यात विवाहित दावेदाराचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असे स्पष्ट लिहिले आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी बाईला वनजमिनीवर जे मिळू शकते, ते खाली सपाटीवरच्या बाईला का मिळू नये?

म्हणून आमचे मागणे असे.

वारस नोंदीत पत्नी, आई आणि मुली यांची नावे भोगवटादार सदरीच लागावीत, आणि जुन्या फेरफारांतून ‘इतर हक्कां’त पडलेली नावे शासनाने अर्जाची वाट न पाहता दुरुस्त करावीत. मयत खातेदारांची नावे काढून वारसांची लावणारी ‘जिवंत सातबारा’ मोहीम २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातून सुरू होऊन राज्यभर गेली. तिचाच पुढचा टप्पा या कामासाठी घ्यावा. यंत्रणा तयार आहे, वेगळ्या खर्चाचे कारण पुढे करू नये.

हक्कसोड पत्राबाबत आमचा सर्वांत जास्त आग्रह आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर निदान एक वर्ष असे पत्र नोंदवून घेऊ नये. नोंदणीपूर्वी बाईला भाऊ, नवरा, वकील यांच्याविना एकटीला बसवून, किती जमीन सोडते आहे आणि तिची सरकारी दराने किंमत काय, हे मराठीत वाचून दाखवावे. नंतर पश्चात्ताप झाला तर माघार घ्यायला नव्वद दिवस द्यावेत. तिने राजीखुशीने सोडले तर आमची हरकत नाही. राजीखुशी तपासली जावी एवढेच.

१९९२ च्या परिपत्रकाप्रमाणे सहधारक नोंदीचा अर्ज ऑनलाइन घ्यावा आणि मुदतीत निकाली काढावा. स्त्रीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून मिळते. ती शेतजमिनीलाही लागू करावी.

जिच्या नावे जमीन नाही ती शेतकरी नाही, हे आम्हाला मान्य नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याची व्याख्या मालकीपुरती ठेवलेली नाही. कृषिशास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचे खासगी विधेयक मांडले होते, ते मंजूर झाले नाही. आता शेतीच्या योजनांसाठी फार्मर आयडी लागतो आणि तो सातबाऱ्याला जोडलेला आहे. म्हणजे जुना अन्याय नव्या यंत्रात शिरला. कसणाऱ्या, मक्त्याने करणाऱ्या आणि एकल स्त्रियांना ग्रामसभेच्या ठरावावर ओळख क्रमांक मिळावा.

आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते. त्या प्रकरणासोबतच विधवेच्या वारस नोंदीचा फेरफार व्हावा. आज मदतीचा धनादेश एकीकडे आणि दिराच्या ताब्यातली जमीन दुसरीकडे, अशी तिची ओढाताण होते.

शेवटचे मागणे आकड्यांचे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. आमच्या गावाचा आकडा आम्हाला माहीत असावा. सगळे अभिलेख संगणकावर असताना गावनिहाय स्त्री-खातेदारांची संख्या दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला अडचण नसावी.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष ठरवले आहे. त्यानिमित्ताने सत्काराचे कार्यक्रम होतील, शाल-श्रीफळ दिले जाईल. त्या खर्चातून साज्यावर शिबिरे घ्यावीत, अशी विनंती. या पत्राचे लेखी उत्तर आणि महसूल, कृषी, नोंदणी या तिन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांसह बैठकीची तारीख मिळावी. बैठक खरिपाच्या पेरणीआधी ठेवावी; नंतर आम्हाला सवड नसते.

आपल्या,
बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकरी स्त्रियांच्या संघटनेच्या सभासद

सोबत: सभासदांच्या सह्या व अंगठे, ‘इतर हक्कां’त नावे असलेल्या सातबाऱ्यांच्या प्रती, १९९२ च्या परिपत्रकाची प्रत