न्यूयॉर्कच्या छपरावरचा मनू

आमच्या जर्सी सिटीहून पाथ रेल्वेने हडसन ओलांडली की थोड्याच वेळात मॅडिसन स्क्वेअर. तिथल्या अपील न्यायालयाच्या छपरावर मोझेस, कन्फ्यूशियसच्या रांगेत चक्क आपला मनू उभा आहे! मनुस्मृती म्हणजेच हिंदूंचा कायदा, हे विल्यम जोन्सच्या १७९४ च्या इंग्रजी भाषांतराने जगाच्या मनावर ठसवलं. २०२३ साली लाहोरच्या शाहझिया सिकंदरने या पुरुषांच्या रांगेत कमळातून उगवणारी सोनेरी स्त्री काही महिने उभी केली. कुणालाही न पाडता. हे मला आवडलं, पण पुरेसं वाटलं नाही. बाबासाहेब याच शहरात शिकले आणि १९२७ साली महाडला त्यांनी मनुस्मृती जाळली. एवढं सांगणारी पाटी तरी खाली हवी. जखमेचं नाव घेतल्याशिवाय ती भरत नाही.