खासदारांना हा प्रश्न विचारा

भंडारा-गोंदियातला धानउत्पादक आधारभूत केंद्रावर धान विकतो आणि गरीब कुटुंबाला रेशनवर तांदूळ मिळतो. हे किती काळ चालू शकेल याचा वाद जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, वर्षानुवर्षं अडकून पडलाय. तो समजून घ्या, ही कळकळीची विनंती.

संघटनेच्या शेती करारानुसार विकसनशील देशाला एखाद्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच हमीभावाने खरेदीसारखी मदत देता येते. ती मोजायची कशी? आजच्या हमीभावातून 1986-88 सालचा संदर्भभाव वजा करायचा आणि उरलेला सगळा फरक अनुदान धरायचा. मधल्या काळात खत, डिझेल, मजुरी कुठल्या कुठे गेली! ती महागाईसुद्धा शेतकऱ्याला वाटलेली खैरात ठरते. हा उघड अन्याय आहे. 2018-19 मध्ये तांदळाबाबत भारताने ही मर्यादा ओलांडली. तरीही आपल्याला कुणी तक्रारीत खेचू शकलं नाही, ते संघटनेच्या बाली इथल्या 2013 च्या मंत्रिस्तरीय परिषदेत मिळवलेल्या संरक्षणामुळे. पुढच्या वर्षी भारत अडून बसला, म्हणून कायमचा तोडगा निघेपर्यंत ते टिकलं. पण त्याचा आधार फक्त तेव्हा चालू असलेल्या योजनांना आहे, आणि तोडगा 2024 च्या अबुधाबी बैठकीतही निघाला नाही.

या वादात आपल्या मताला किती किंमत आहे? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या बदलांना 85 टक्के मतं लागतात. एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे तिच्याशिवाय पान हलत नाही. उलट व्यापार संघटनेत निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे तिथं आपल्या ‘नाही’लाही वजन आहे. मात्र ते जपून वापरावं लागेल. सरकारी मदतीवर पिकलेला आपला तांदूळ जगाच्या बाजारात भाव पाडतो, ही थायलंडची तक्रार आहे. थायलंडही विकसनशीलच. त्याचं म्हणणं झटकून टाकून आपल्याला मित्र मिळणार नाहीत. सरकारी साठ्यातलं धान्य निर्यात होणार नाही याची पक्की हमी आपण द्यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारावर सही करण्याआधी संसदेची संमती घ्यावीच लागते असं नाही. म्हणून जागं आपणच राहायचं. शेतकरी संघटना, ग्रामसभा, ग्राहक मंडळं, सगळ्यांनी आपापल्या खासदाराला पत्र लिहावं: धान्यसाठ्याबाबत व्यापार संघटनेच्या पुढच्या मंत्रिस्तरीय परिषदेत भारत काय मागणार आहे, आणि त्यावर सभागृहात चर्चा कधी? उत्तर लेखी मागा.