फाटकाची किल्ली कोणाच्या हाती?

उद्यानाभोवती भिंत घालण्याची कल्पना फार जुनी आहे. स्वर्गवाचक ‘पॅराडाइज’ हा शब्द प्राचीन इराणी भाषेतून ग्रीकमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘भिंतीने वेढलेली जागा’ एवढाच आहे. इराणच्या रखरखीत पठारावर अशी भिंत ही निकडीची बाब होती. तप्त वारा व वाळू बाहेर थोपवावयाची आणि भुयारी कालव्यांनी दुरून आणलेल्या पाण्यावर आतील झाडे जगवावयाची, हे तिचे प्रयोजन. २०११ साली युनेस्कोने ज्या नऊ इराणी उद्यानांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांतील काशानची फिन बाग या परंपरेची साक्ष देते.

लंडनमध्ये मात्र हे प्रयोजन पालटले. तेथील जमीनदारांनी चौक आखून भोवती घरे उभारली, मध्यभागी बाग राखली, तिला लोखंडी कठडे घातले आणि फाटकाच्या किल्ल्या केवळ भोवतालच्या रहिवाशांना दिल्या. इराणी भिंत वाळवंटाला अडवीत होती, लंडनचे कठडे शेजाऱ्याला अडवू लागले. १९३१ च्या कायद्याने चारशेहून अधिक चौकांना बांधकामापासून संरक्षण दिले. झाडे वाचली, पण अनेक ठिकाणी किल्ली पूर्वीच्याच हाती राहिली. दुसऱ्या महायुद्धात पुष्कळ कठडे भंगारासाठी काढून नेण्यात आले व कित्येक बागा सर्वांना मोकळ्या झाल्या. १९४४ मध्ये तेथे पुन्हा लाकडी कुंपणे दिसू लागताच जॉर्ज ऑर्वेल यांनी ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकातून त्यांवर कठोर टीका केली. गरिबांची मुले पुन्हा बाहेर राहणार, हे त्यांचे दुःख होते.

कुंपण नसेल तर बाग उजाड होईल, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. माळ्याचे वेतन, पाणी व दुरुस्ती यांचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे. परंतु खर्च कोणी करावा आणि प्रवेश कोणाला असावा, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. लंडनच्या केन्सिंग्टन भागात १८५१ च्या एका कायद्यान्वये बागेच्या देखभालीसाठी भोवतालच्या घरांवर पट्टी बसविण्याची सोय झाली. बागेमुळे ज्यांच्या मालमत्तेचे मोल वाढते, त्यांनी त्या लाभाचा काही अंश परत करावा, हे तत्त्व न्याय्यच आहे. मात्र त्या पट्टीच्या मोबदल्यात इतरांना वगळण्याचा हक्क मिळावा, हे त्यातून निष्पन्न होत नाही.

मुंबईतील हॉर्निमन सर्कलचे उद्यान याच इंग्रजी धाटणीचे. १८७२ च्या सुमारास ते एल्फिन्स्टन सर्कल म्हणून आकारास आले. पुढे त्याला झुंजार संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. त्याला कठडे आहेत, फाटक आहे, परंतु ते सार्वजनिक उद्यान आहे. कुंपण आणि लोकांचा हक्क एकत्र नांदू शकतात, हेच त्यावरून दिसते.

म्हणूनच एखादे सार्वजनिक उद्यान देखभालीसाठी खाजगी संस्थेकडे सोपविताना नगरसंस्थांनी विनामूल्य प्रवेश, फाटकावर लावलेल्या वेळा आणि जाहीर हिशेब या तीन अटी करारात घातल्या पाहिजेत. दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला उद्यान हीच मोकळी हवा आणि मुलांचे अंगण असते. तेथे किल्ली मूठभरांच्या हाती गेली, तर कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणावे लागेल.