नळी अजून हवी आहे का?

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्ते एकमेकांना छेदतात. अपघात झाला की जखमीला उचलायला आपली पोरं धावतात. पण आयसीयूच्या दारापाशी आपण गप्प होतो. लघवीची नळी किती दिवस राहणार, हे कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका जास्त. नळीवर जंतूंचा थर चढतो, त्यात औषधही नीट पोचत नाही. मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात देशातल्या २६ रुग्णालयांच्या आयसीयूंमध्ये, रुग्णालयातच जडलेले मूत्रमार्गाचे ७३७ संसर्ग नोंदले गेले.

सॉफ्टवेअरमध्ये तात्पुरती परवानगी देतानाच ती काढायची तारीख ठरवतात. नळीचंही तसंच व्हावं. रोज सकाळी डॉक्टरांना अदबीनं विचारा: आज नळी हवीच आहे का? निर्णय त्यांचाच, नळीला आपण हात लावायचा नाही. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता आहे ना, बघा. रुग्णाजवळ जाताना आणि निघताना हात धुवा.

वुजू आणि इस्तिंजा लहानपणीच शिकलेल्यांना पाकीचं महत्त्व सांगायला नको. आजाऱ्याला भेटणं आपण सवाब मानतो. त्या भेटीत दुआसोबत हा एक प्रश्नही असू द्या.