माशांच्या खाद्यात स्निग्धांश किती?

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांसाठी खोदलेल्या शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ या माशांचे संगोपन करता येते. मात्र खाद्य जितके तेलकट तितका मासा चांगला, ही समजूत सोडावयास हवी. माफक स्निग्धांशाने माशास ऊर्जा मिळते व महागडी प्रथिने मांसवृद्धीस लागतात. अतिरेक झाल्यास यकृतातील चरबी जाळणाऱ्या व साठविणाऱ्या जनुकांचे कार्य बदलते. उरलेली चरबी यकृतात व पोटात साचते. वजन भरते, पण ते खाण्याजोगे मांस नव्हे. या माशांस साधारणतः शेकडा 5 ते 8 स्निग्धांश पुरतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पोत्यावरील हा आकडा शेतकऱ्यांस समजावून द्यावा. भाताचा कोंडा लवकर खवट होतो. तो ताजाच वापरावा. खाद्याचा हिशेब वजनकाट्यावर नव्हे, तर मिळणाऱ्या मांसावर करणे हेच हिताचे होय.