खर्चाचा क्रम

गडचांदूर, आवारपूर व उपरवाही येथे सिमेंटचे प्रचंड कारखाने उभे राहिले ते कोरपना तालुक्याच्या चुनखडीमुळे. अशा उद्योगांत नव्या यंत्रांवरील खर्चाचा क्रम लावताना कारखानदार बहुधा एकच प्रश्न विचारतो : घातलेला पैसा किती वर्षांत वसूल होईल? भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज करणारी यंत्रणा ह्या कसोटीस उतरते. धूळ अडविणारी गाळणी मात्र यादीच्या तळाशी जाते.

हा हिशेब खोटा नव्हे. तो अपुरा आहे. विद्युत्‌भारावर चालणारी जुनी धूळरोधक यंत्रे भट्टीतील कार्बन मोनॉक्साइड वाढताच स्फोटाच्या भयाने बंद करावी लागतात, आणि तेवढ्या वेळात धुराड्याची धूळ मोकळी सुटते. कापडी पिशव्यांच्या गाळणीने हा प्रसंग बव्हंशी टळतो. शिवाय भट्टीची अडविलेली धूळ हा कच्चा मालच होय. तो पुन्हा भट्टीत घालता येतो. कपाशीवर आणि मुलांच्या छातीत बसणाऱ्या धुळीची किंमत तर कोणत्याच खतावणीत चढत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत केली. २०१४ साली सिमेंटसह सतरा प्रकारच्या उद्योगांस अखंड मापनयंत्रे बसविण्यास फर्माविले. हुकुमावाचून हा खर्च वर सरकू नये, हे उद्योगास भूषणावह नाही. धूळनिवारण व कामगारांची सुरक्षितता ह्यांस वार्षिक आराखड्यात पहिले स्थान द्यावे आणि मापनाचे आकडे रोज गावच्या फलकावर लावावेत, अशी आमची मागणी आहे. शेजाऱ्याच्या श्वासावर केलेली काटकसर हा नफा नव्हे. ते ऋण आहे.