मधुचंद्र एड्रियाटिकच्या किनारी: आधी वही, मग तिकीट



मधुचंद्र हा शब्द आपल्या घरांत अजूनही हळू आवाजातच उच्चारला जातो. आमच्या आईवडिलांच्या पिढीत लग्न झाले, हळद उतरली, की चौथ्या दिवशी नवरा मिलच्या पाळीला आणि नवरी नळावरच्या रांगेत. पुढे माथेरान, महाबळेश्वर आले. आता आपल्याच वस्तीतली मुले-मुली बँकेत, इस्पितळात, संगणकाच्या कंपनीत नोकरीला लागली आहेत आणि त्यांच्या तोंडी क्रोएशिया, डुब्रोव्हनिक अशी नावे येऊ लागली आहेत. मुले म्हणतात, "मावशी, एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर जायचे आहे, कागदपत्रांचे सांगा." घरातले वडीलधारे म्हणतात, "ताई, तीन-चार लाख रुपये समुद्र बघायला? दादरला काय समुद्र नाही?" दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. म्हणून आजचा हा लेख.

प्रथम, हा किनारा आहे कोठे ते पाहू. इटलीच्या पूर्वेला जो लांबट समुद्र आहे तो एड्रियाटिक. एका बाजूला इटली, दुसऱ्या बाजूला स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्नियाची चिंचोळी पट्टी, माँटेनेग्रो आणि अल्बानिया. नवी जोडपी ज्याची छायाचित्रे पाहून भुलतात तो बहुधा क्रोएशियाचा डाल्मेशिया नावाचा भाग असतो. हजारांहून अधिक लहानमोठी बेटे, लाल कौलांची दगडी गावे आणि तळ दिसेल असे पाणी. मात्र आपल्या कोकणासारखी लांबच लांब मऊ वाळू तेथे फारशी नाही. किनारा खडीचा, गोट्यांचा आहे. पाण्यात खडकांवर काटेरी समुद्री जीव असतात. म्हणून पाण्यात उतरण्याचे रबरी बूट जवळ ठेवावेत. चित्रपटातल्यासारखे अनवाणी धावायला गेलात तर पहिल्याच दिवशी तळपाय सोलून घ्याल.

आता काळ. जुलै-ऑगस्टमध्ये सारा युरोप तेथे लोटतो. खोल्यांचे भाडे चढते, गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्याचा उत्तरार्ध, जूनची सुरुवात किंवा संपूर्ण सप्टेंबर हा आपल्यासारख्यांना योग्य. सप्टेंबरात तर उन्हाळाभर तापलेले पाणी अजून कोमट असते. ऑक्टोबर सरत आला की बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि हिवाळ्यात 'बुरा' नावाचा थंड वारा डोंगरावरून असा सुटतो की बोटी बंद ठेवाव्या लागतात.

कागदपत्रांकडे वळू, कारण खरी अडचण तेथेच होते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन गटात आला आणि त्याच दिवसापासून तेथे युरो हे चलन सुरू झाले. जुन्या पुस्तकांत 'कुना' लिहिलेले असेल, ते आता विसरावे. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी जून २०२४ पासून प्रौढ माणसाला ९० युरो आहे. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. लग्नाच्या धांदलीत शेवटचे पंधरा दिवस गाठू नका, दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. पहिल्या अर्जाच्या वेळी बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावे लागते. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. सहा दिवस क्रोएशिया आणि दोन दिवस व्हेनिस असेल तर अर्ज क्रोएशियाकडे.

बँकेच्या खात्याचे उतारे, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्र, कचेरीचे रजेचे पत्र हे सारे लागते. येथे एक गोष्ट कारकुनी अनुभवातून सांगते. काही जण अर्जाच्या आठवड्यात काकाकडून, मेहुण्याकडून दोन लाख उसने आणून खात्यात भरतात. तपासणाऱ्याला ती एकरकमी भर लगेच दिसते आणि शंका येते. खात्यात पैसे महिन्या-महिन्याने साठलेले दिसले पाहिजेत. दुसरे, सूनबाईंच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर ते बदलण्याची सक्ती नाही. लग्नाची नोंदणी करून दाखला जोडला की नाते सिद्ध होते. तेव्हा लग्न लागल्यावर नोंदणी कार्यालयात लगेच जा. तो दाखला पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो.

आणखी एक खाचखळगा. डुब्रोव्हनिकपासून जवळच कोटोर नावाचे डोंगराच्या कुशीतले सुंदर गाव आहे. पण ते माँटेनेग्रोत. तेथे युरो चालतो, तरी तो देश शेंगेनमध्ये नाही. एकदा क्रोएशियाबाहेर पाऊल टाकले की परत येण्यासाठी व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन कोटोरला गेलात तर परतीला सीमेवर अडकाल. तसेच स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला रस्त्याने जाताना पूर्वी बोस्नियाची पट्टी ओलांडावी लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा सुमारे २.४ किलोमीटरचा पूल खुला झाला आणि आता क्रोएशियातूनच जाता येते. तरी काही बस अजून जुन्या मार्गाने जातात. तिकीट काढताना मार्ग विचारून घ्यावा.

आठ रात्रींचा एक सोपा आराखडा देते. तीन रात्री स्प्लिट, दोन रात्री ह्वार किंवा ब्राच बेट, तीन रात्री डुब्रोव्हनिक. आपल्याकडून तेथे विमान बदलून जावे लागते. उतरावे स्प्लिटला आणि परतीचे तिकीट डुब्रोव्हनिकहून काढावे, म्हणजे उलटा प्रवास वाचतो.

स्प्लिट शहराच्या पोटात रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा आहे. हा माणूस सामान्य कुळात जन्मला, सैन्यातून वर चढत सम्राट झाला आणि इ. स. ३०५ मध्ये आपण होऊन राज्य सोडून येथे राहायला आला. परत गादी घ्या म्हणून लोक विनवू लागले, तेव्हा त्याने आपल्या हाताने लावलेल्या कोबीचे कौतुक सांगितले अशी कथा आहे. आज त्या राजवाड्याच्या भिंतींत माणसे संसार करतात, खिडक्यांतून कपडे वाळत घालतात. राजवाड्याच्या गल्ल्यांत फिरायला तिकीट नाही. शेजारच्या मार्यान टेकडीवरून सूर्यास्त पाहायलाही पैसे पडत नाहीत.

स्प्लिटहून ब्राच बेटाला मोठी बोट सुमारे पाऊण-एक तासात जाते, ह्वारला जलद बोट तासाभरात. ब्राचवर बोल गावाजवळ पांढऱ्या खडीची एक जीभ समुद्रात शिरली आहे. वारा आणि प्रवाह बदलला की तिचे टोक वळते. उन्हाळी मोसमात ह्वार, कोर्चुला करीत डुब्रोव्हनिकपर्यंत जाणारी जलद बोटही असते. बोटीच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून खोली ठरवण्याआधी वेळापत्रक पाहावे.

डुब्रोव्हनिकच्या तटबंदीची लांबी सुमारे १,९४० मीटर. तिकीट माणशी ३५ ते ४० युरोच्या घरात आहे. एवढे पैसे देऊन भर दुपारी चढू नका, सकाळी दार उघडताच जा. वरून कौले नीट पाहा. काही फिकट जुनी आहेत, काही लालभडक नवी. १९९१-९२ च्या वेढ्यात या गावावर तोफांचा मारा झाला. त्यात फुटलेल्या छपरांवर ही नवी कौले चढली. याच नगरराज्याने १३७७ साली साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना गावाबाहेर तीस दिवस थांबवण्याचा नियम केला आणि १४१६ साली आपल्या लोकांना गुलामांचा व्यापार करण्यास बंदी घातली. मुलांनो, नुसती छायाचित्रे काढून येऊ नका. हे घरी आल्यावर आईवडिलांना सांगा, त्यांना आवडेल.

राहण्यासाठी मोठ्या हॉटेलची गरज नाही. 'सोबे' अशी पाटी दिसली की समजावे, घरगुती खोल्या भाड्याने आहेत. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली तर एक वेळचे जेवण घरीच होते. सकाळी 'पेकारा' म्हणजे बेकरी, तेथे मांसाचा किंवा चीजचा 'बुरेक' मिळतो, त्यात पोट भरते. रात्री 'कोनोबा' नावाच्या साध्या खानावळीत भाजलेले तारलीसारखे मासे आणि बटाट्याबरोबर शिजवलेली हिरवी भाजी. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटल्या विकत घेऊ नका. येथून चटणी, मसाला न्या, पण मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. आणि पोहण्याच्या कपड्यांत जुन्या गावात फिरू नये, दंड होतो.

आता हिशेब. एक युरो शंभर रुपयांच्या वर गेला आहे. वहीत ११० धरा, म्हणजे पुढे तोंडघशी पडणार नाही. माझा दोघांचा अंदाज असा: खोली आठ रात्री, रोज ८० प्रमाणे ६४० युरो. जेवणखाण नऊ दिवस, ५० प्रमाणे ४५० युरो. बस व बोट २००, तिकिटे १५०, अडीअडचणीला २००. एकूण १,६४० युरो, म्हणजे १,८०,४०० रुपये. व्हिसा फी १८० युरो, म्हणजे १९,८०० रुपये. विमान दोघांचे १,६०,००० धरू. विमा आणि अर्जकेंद्राचा आकार १०,०००. बेरीज ३,७०,२०० रुपये. विमान स्वस्त मिळाले तर कमी होईल, ऑगस्टमध्ये गेलात तर वाढेल.

ही रक्कम कर्ज काढून उभी करावी का? ३,७०,००० रुपये १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे १२,६५० रुपये हप्ता बसतो आणि सुमारे ८५,००० रुपये व्याजात जातात. तेच दोघांनी मिळून महिना १५,५०० बाजूला टाकले तर दोन वर्षांत ३,७२,००० होतात आणि एक पैसा व्याज द्यावे लागत नाही. मधुचंद्र लग्नाच्या दहाव्या दिवशीच झाला पाहिजे असा कायदा नाही. लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला जा. तोवर एकमेकांचा स्वभाव कळलेला असतो, नोकरी पक्की झालेली असते, खात्यातही रक्कम साठलेली दिसते. लग्नानंतरच्या आठवड्यात माथेरान किंवा अलिबागला दोन दिवस जाऊन या, तेही फार झाले. घरात आजारपण असेल, आधीचे कर्ज असेल, तर ते आधी. समुद्र कोठे जात नाही.

नवऱ्या मुलांना सांगणे आहे. पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ राहू द्या. बायकोचा पासपोर्ट आणि कार्ड आपल्या खिशात ठेवून तिला प्रत्येक कॉफीसाठी पैसे मागायला लावणारा नवरा तेथेही नवरेपणच करतो. खोली कोणती, बोट किती वाजताची, आज पैसे किती खर्चायचे, हे दोघांनी मिळून ठरवा. परक्या देशात बोट चुकली, पाऊस लागला, की माणसाचा खरा स्वभाव दिसतो. त्या वेळी आवाज न चढवता मार्ग काढणे जमले, तर पुढच्या संसाराला ते उपयोगी पडेल. मुलींनो, निघण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंशी संततिनियमनाबद्दल बोलून घ्या आणि नेहमीची औषधे चिठ्ठीसह जवळ ठेवा. लाजू नका.

आता सासू-सासऱ्यांसाठी. तुमची चिंता खोटी नाही. खोलीचे डिपॉझिट, धाकट्याचे शिक्षण, म्हातारपण, हे सारे समोर असते. पण आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात. नव्या जोडप्याला मध्ये फक्त एक पडदा मिळतो. दिवसभराचे बोलणेही कुजबुजून करावे लागते. ती दोघे समुद्र पाहायला निघालेली नसतात, दार लावून मोकळेपणाने बोलता येईल अशी जागा शोधायला निघालेली असतात. ती जागा मिळवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या कमाईतून, कर्ज न काढता पैसे साठवले असतील, तर त्याला उधळपट्टी म्हणू नका. आणि ती परत आल्यावर प्रवास संपला, आता पुन्हा पडदा, असे होऊ देऊ नका. आठवड्यातून एक संध्याकाळ घरच्यांनी बहिणीकडे, मैत्रिणीकडे जावे आणि खोली त्या दोघांना मोकळी द्यावी. त्याला व्हिसाही लागत नाही.

ज्या घरात यंदा लग्न आहे त्यांनी एक कोरी वही आणावी. पहिल्या पानावर लग्नाच्या नोंदणीची तारीख लिहावी, दुसऱ्या पानापासून दरमहा साठलेली रक्कम, आणि दोघांनी मिळून ती लिहावी. तिकिटाचे नंतर पाहू.